डुफ्टाइट : एका दुर्मीळ खनिजाचे गुणधर्म आणि कुळशील



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे आयुष्य रसायनशाळेत गेले, आणि पदार्थाचे नाव उच्चारण्यापूर्वी त्याची परीक्षा झालीच पाहिजे हा त्यांचा आग्रह त्यांच्या शिष्यांच्या द्वारे या नगरात आजही जिवंत आहे. त्यांच्या स्मृतीस वाहावयाच्या व्याख्यानासाठी खनिजसृष्टीचा सगळा विस्तार कवेत घेण्याचा मोह मी आवरला असून, ज्याच्या परीक्षेत आणि वर्गीकरणात विद्वानांची पाऊणशे वर्षे गेली अशा एकाच खनिजाचा विचार आपणांपुढे मांडावयाचे योजिले आहे. त्या खनिजाचे नाव डुफ्टाइट. शिसे, तांबे आणि आर्सेनिक या तिघांना प्राणवायू आणि हायड्रॉक्सिल यांच्या साहाय्याने एकत्र बांधणारे, ऑलिव्ह फळासारख्या मळकट हिरव्या रंगाचे हे खनिज व्यापाराच्या दृष्टीने निरुपयोगी, दागिन्याच्या दृष्टीने अनाकर्षक आणि प्रमाणाच्या दृष्टीने अत्यल्प आहे. परंतु निसर्गातील वर्ग कोठे निसर्गाने आखलेले असतात आणि कोठे माणसाने, हा जो शास्त्राचा एक मूलगामी प्रश्न, त्याचे उत्तर शोधावयास याच्याइतके उपयुक्त खनिज माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

आर्सेनिकाची गंधकयुक्त खनिजे आपल्याकडे परकी नाहीत. मनशीळ आणि हरताळ ही वैद्यांच्या खलबत्त्यात आणि चित्रकारांच्या रंगपेटीत शतकानुशतके होती, आणि पोथ्या लिहिणारे लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळच फासत असत. आज ज्या आर्सेनेटांचा विचार करावयाचा आहे ती मात्र निराळ्या प्रकृतीची आहेत. त्यांच्यात गंधक नाही. आर्सेनिकाच्या एका अणूभोवती प्राणवायूचे चार अणू चतुष्फलकाच्या चार टोकांशी बसलेले असतात, आणि हा चौघांचा गट ज्या धातूंशी संयोग पावेल त्यांच्यावरून खनिजाची जात ठरते. अशी खनिजे भूगर्भाच्या खोल उष्णतेत जन्म घेत नाहीत. मूळ धातुक वर येऊन, हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या तावडीत सापडून, विघटन पावल्यानंतर ती उदयास येतात. आपल्या दक्षिणेच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून, विशेषतः पुण्याच्या आसपासच्या खाणींतून, स्टिल्बाइट, अपोफिलाइट आणि वाघोलीचे ते निळे कॅव्हन्साइट अशी जी खनिजे निघतात, तीही पाण्यानेच मागाहून घडविलेली खनिजे होत. पण बेसाल्टात शिशाचा आणि आर्सेनिकाचा असा साठा नसल्याने डुफ्टाइटासाठी आपणांस समुद्र ओलांडून दक्षिण गोलार्धात जावे लागते.

आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येस, आज नामिबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाच्या उत्तर भागात, ओतावी पर्वतराजीच्या मुलखात त्सुमेब हे गाव आहे. तेथे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या डोलोमाइटाच्या थरांतून जवळजवळ उभी खाली उतरत गेलेली, नळीच्या आकाराची धातुकाची एक राशी होती, आणि तिचा माथा जमिनीवर हिरव्या टेकडीच्या रूपाने डोके काढून उभा होता. युरोपीय लोक येण्यापूर्वी हाइओम लोक या प्रदेशातील तांब्याचे धातुक खणून काढीत आणि उत्तरेकडील ओवाम्बो लोकांशी त्याचा विनिमय करीत. ओवाम्बो ते वितळवून धातू काढीत. १८९३ साली साउथ वेस्ट आफ्रिका कंपनीच्या वतीने मॅथ्यू रॉजर्स हा शोधक तेथे पोहोचला, आणि रंगांचा असा देखावा आपण पूर्वी कोठेही पाहिला नव्हता अशा आशयाचा अहवाल त्याने पाठविला. त्यानंतर १९०० साली बर्लिनमध्ये ओतावी खाण आणि रेल्वे कंपनी स्थापन झाली, खाणीचा मक्ता तिच्याकडे गेला, आणि १९०३ ते १९०६ या काळात स्वाकोपमुंड बंदरापासून त्सुमेबपर्यंत ५६७ किलोमीटर लांबीचा अरुंद लोहमार्ग बांधून काढण्यात आला. हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध १९०४ साली जो उठाव केला तो याच काळातला. त्या युद्धात कैद केलेल्या हेरेरो स्त्रीपुरुषांना या लोहमार्गाच्या कामावर सक्तीने राबविण्यात आले. खनिजांच्या ग्रंथांतून त्सुमेबचे नाव जेव्हा जेव्हा गौरवाने येते, तेव्हा तेव्हा त्या श्रमाचीही आठवण ठेवणे हे मी अभ्यासकाचे कर्तव्य समजतो.

त्सुमेबची कीर्ती तांब्यामुळे किंवा शिशामुळे झालेली नाही. तसे साठे जगात अन्यत्रही आहेत. या एका खाणीतून तीनशेंहून अधिक खनिजजाती नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकी कित्येक दहाई जाती जगात प्रथम तेथेच ओळखल्या गेल्या. असे का घडावे याची कारणे पाहिल्याखेरीज डुफ्टाइटाचा जन्म उलगडत नाही.

मूळ धातुकात गॅलेना, टेनान्टाइट, स्फॅलेराइट, कॅल्कोसाइट अशी गंधकयुक्त खनिजे होती. गॅलेना शिशाची आणि स्फॅलेराइट जस्ताची. टेनान्टाइटात तांबे आणि आर्सेनिक दोन्ही. पावसाचे पाणी प्राणवायू बरोबर घेऊन भेगांतून खाली उतरू लागले म्हणजे गंधकाचे ऑक्सिडीभवन होऊन गंधकाम्ल तयार होते आणि धातू मोकळे होतात. अन्य पुष्कळ खाणींत अशा वेळी पायराइटापासून सुटलेले लोह आर्सेनेटाला ताबडतोब धरून ठेवते, आणि बाकीच्या धातूंच्या वाट्यास काही येत नाही. त्सुमेबच्या धातुकात लोह तुलनेने कमी होते, म्हणून आर्सेनेट हे शिसे, तांबे, जस्त आणि कॅल्शियम यांच्यासाठी शिल्लक राहिले. दुसरी गोष्ट, भोवतालचा डोलोमाइट आम्ल शोषून घेणारा असल्यामुळे पाणी सर्वस्वी आम्लधर्मी न होता उदासीनतेच्या जवळ राहिले, आणि अशा पाण्यात या धातूंची आर्सेनेटे सुखाने टिकतात. तिसरी गोष्ट मात्र खास या स्थळाची आहे. ऑक्सिडीभवनाचा पट्टा बहुधा जमिनीपासून काही मर्यादित खोलीपर्यंत जातो आणि संपतो. त्सुमेबला वरचा पट्टा संपल्यानंतर, कित्येक शेकडे मीटर ताजे गंधकयुक्त धातुक ओलांडल्यावर, पुन्हा दुसरा ऑक्सिडीभूत पट्टा लागला आणि त्याच्याही खाली तिसरा. भूजल वाहून नेणारा एक भंगलेला, पाझरणारा थर तिरकस उतरत येऊन त्या खोलीवर धातुकाला छेदीत होता. पाण्याला आडमार्ग सापडला होता. एका खाणीत तीन स्वतंत्र प्रयोगशाळा, निरनिराळ्या खोलीवर, निरनिराळ्या पाण्यावर चाललेल्या, असा हा प्रकार होय.

या द्रव्यांपैकी शिसे फार लांब जात नाही. त्याचे सल्फेट आणि कार्बोनेट दोन्ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारी असल्याने गॅलेना जेथे कुजते तेथेच ॲंग्लेसाइट आणि सेरुसाइट निर्माण होतात. तांबे अधिक प्रवास करते. आर्सेनेट पाण्याबरोबर येते आणि शिशाची गाठ पडली की थांबते. पाण्यात क्लोराइड असेल तर या भेटीतून मिमेटाइट हे पिवळसर, षट्कोनी स्तंभांचे खनिज उत्पन्न होते. पुढे एखाद्या काळी भेगांची रचना बदलून तांब्याने युक्त असे पाणी त्या मिमेटाइटावरून वाहू लागले, म्हणजे जो बदल घडतो त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. मिमेटाइटाच्या एका रेणूत शिशाचे पाच अणू आणि तीन आर्सेनेट गट असतात. त्यांतून डुफ्टाइटाचे तीन रेणू बनतात, पाण्यातून तांब्याचे तीन अणू उचलले जातात, शिशाचे दोन अणू आणि क्लोरीन बाहेर पडतात, आणि तीन हायड्रोजन आयन, म्हणजे आम्ल, मुक्त होते. हे आम्ल तेथेच साचले असते तर बदल मध्येच खुंटला असता. परंतु भोवतालची कार्बोनेटे ते नाहीसे करीत राहतात आणि बदल पूर्णत्वास जातो. त्सुमेबहून आलेल्या काही नमुन्यांत मिमेटाइटाचा षट्कोनी आकार जसाच्या तसा उभा असून आतले द्रव्य संपूर्ण डुफ्टाइटाचे असते. अशा छद्मरूप स्फटिकांना मी या खनिजाच्या अभ्यासातील सर्वांत बोलका पुरावा मानतो, कारण कोणते खनिज आधी आणि कोणते मागाहून हा क्रम त्यांच्यात दगडावरच नोंदलेला असतो.

आता प्रत्यक्ष गुणधर्मांकडे वळू. १९२० साली जर्मन खनिजरसायनज्ञ ओटो पुफाल याने या खनिजाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले आणि ओतावी कंपनीचे संचालक जी. डुफ्ट यांच्या नावावरून त्यास नाव दिले. त्या वर्षी त्सुमेबवर जर्मनीचे राज्य उरले नव्हते. १९१५ च्या जुलैत जर्मन फौजांनी शरणागती पत्करल्यापासून मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. राज्य गेले तरी संचालकांचे नाव खनिजाच्या रूपाने दप्तरी कायम झाले, आणि ज्यांनी ते भूमीतून काढले त्यांपैकी कोणाचेही नाव त्यात आले नाही. खनिजांना नावे देण्याची ती त्या काळची सार्वत्रिक वहिवाट होती, आणि ती मला न्याय्य वाटत नाही एवढे नमूद करून पुढे जातो.

डुफ्टाइटाचे स्फटिक क्वचितच मोठे असतात. त्सुमेबला पाच मिलिमीटरपर्यंतचे मिळाले ते उत्तम समजले जातात. त्यांची पृष्ठे खडबडीत आणि किंचित वाकलेली असतात, आणि स्फटिकाऐवजी कवचासारखे थर किंवा द्राक्षगुच्छासारखे गोलाकार पुंजकेच पुष्कळदा आढळतात. रंग ऑलिव्ह हिरव्यापासून करड्या हिरव्यापर्यंत. कस फिकट हिरवा किंवा पांढरा. पाटन दिसत नाही. मोसच्या मापाने कठिनता ३, म्हणजे कॅल्साइटाइतकी, आणि म्हणून सुरीच्या टोकाने सहज ओरखडा निघतो. वक्रीभवनांक २.०३ ते २.१० इतका उंच असल्यामुळे ताज्या भंगलेल्या पृष्ठावर काचेपेक्षा तेजस्वी, हिऱ्याकडे झुकणारी चमक दिसते. हा शिशाचा प्रभाव होय. नत्राम्लात ते विरघळते.

विशिष्ट गुरुत्व ६.४ भरते, आणि स्फटिकाच्या एकक कोशाच्या मापांवरून गणित केले असता ६.६ येते. हिरव्या रंगाचा एवढासा खडा हातात घेतल्यावर जो अनपेक्षित जडपणा जाणवतो त्याचे कारण रासायनिक घटनेत आहे. शिशाचा एक अणू, तांब्याचा एक, आर्सेनिकाचा एक, प्राणवायूचे पाच आणि हायड्रोजनाचा एक, असे मिळून नऊ अणू. या नवांत शिसे एकच असूनही वजनाचा ४८.६ टक्के भाग त्या एकट्याचा आहे. जुन्या पद्धतीने ऑक्साइडांत मांडावयाचे तर शिशाचे ऑक्साइड ५२.३ टक्के, तांब्याचे १८.६, आर्सेनिकाचे पेंटॉक्साइड २६.९ आणि पाणी २.१ टक्के असा हिशेब होतो. रंग तांब्याचा, वजन शिशाचे आणि सांगाडा आर्सेनेटाचा, अशी ही वाटणी आहे.

हा सांगाडा कसा उभा आहे? तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती प्राणवायूचे सहा अणू अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर असतात, आणि असे अष्टफलक एकमेकांच्या कडा सामायिक करीत एका दिशेने लांबच लांब साखळ्या करतात. या साखळ्यांना आर्सेनेटाचे चतुष्फलक आडवे जोडतात, आणि जोडणीतून ज्या मोकळ्या जागा उरतात त्यांत प्राणवायूच्या आठ अणूंनी वेढलेले शिसे बसते. स्फटिकाची संहती समचतुर्भुजी. येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधले पाहिजे. तांब्याच्या आयनात नऊ डी-इलेक्ट्रॉन असतात, आणि जान् व टेलर यांनी १९३७ साली सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार असा आयन सुबक, समभुज अष्टफलकात स्थिर राहू शकत नाही. चार प्राणवायू जवळ येतात, दोन दूर सरतात, आणि अष्टफलक एका अक्षावर ताणला जातो. दुसरी गोष्ट, शिशाजवळ बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते आणि तीही आपल्या बाजूला जागा मागते. तांबे एकीकडून ओढते आणि शिसे दुसरीकडून रेटते. या ओढाताणीत जो समतोल साधतो तो डुफ्टाइटाचा आकृतिबंध होय, आणि वर्गीकरणाचे पुढचे सगळे वाद याच समतोलातून निघाले आहेत.

खनिजांचे वर्गीकरण ऋण आयनांवरून करावे हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या बर्झेलियसने मांडले, अमेरिकेत जेम्स ड्वाइट डेना यांनी आपल्या महाग्रंथात ते रुजविले, आणि १९४१ साली ह्यूगो स्ट्रुन्झ यांनी त्याला स्फटिकरचनेची जोड देऊन आजचे रूप दिले. स्ट्रुन्झ यांच्या कोष्टकात आठवा वर्ग फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा एकत्र आहे. फॉस्फरस, आर्सेनिक आणि व्हॅनेडियम ही तीन मूलद्रव्ये स्वभावाने सारखी नाहीत. परंतु तिन्ही प्राणवायूच्या चतुष्फलकात बसतात, आणि आकार जुळला म्हणजे जालकात एकाची जागा दुसऱ्याला घेता येते. या वर्गात, अधिक हायड्रॉक्सिल असलेल्या पण स्फटिकजल नसलेल्या खनिजांत, ॲडेलाइट आणि डेक्लॉयझाइट यांचा गट आहे, आणि डुफ्टाइटाचे घर त्या गटात आहे. ॲडेलाइट हे स्वीडनमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आर्सेनेट. डेक्लॉयझाइट हे शिसे आणि जस्ताचे व्हॅनेडेट. घर कोणते हे सांगणे सोपे आहे. अवघड प्रश्न शेजाऱ्यांच्या सरहद्दीचा आहे, आणि माझ्या मते डुफ्टाइटाच्या प्रत्येक बाजूची सरहद्द निराळ्या प्रकृतीची आहे.

व्हॅनेडियमच्या बाजूस मॉट्रामाइट आहे. आर्सेनिक आणि व्हॅनेडियम यांच्या आयनांच्या त्रिज्या चतुष्फलकात अनुक्रमे ०.३३५ आणि ०.३५५ अँगस्ट्रॉम, म्हणजे फरक नगण्य. म्हणून निसर्गात दोन्ही मिसळलेले नमुने मिळतात. असे असूनही टोकाच्या दोन खनिजांची सममिती एक नाही. मॉट्रामाइटाच्या रचनेला सममितीचा केंद्रबिंदू आहे, डुफ्टाइटाच्या रचनेला नाही. डुफ्टाइटाचा स्फटिक आणि त्याचे आरशातील प्रतिबिंब ही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. येथे टक्केवारीच्या हिशेबाखेरीज रचनेचाही भेद आहे, आणि ही सरहद्द आखण्यात निसर्गाचा हात आहे असे म्हणता येते.

जस्ताच्या बाजूला तांबे आणि जस्त यांच्या त्रिज्या ०.७३ आणि ०.७४, इतक्या जवळ, की बाजूला ठेवून ओळखू नयेत; पण जस्ताला तांब्यासारखी ताण घेण्याची गरज नाही, आणि शिसे व जस्त यांचे आर्सेनेट, आर्सेनडेक्लॉयझाइट, हे १९८२ साली त्सुमेबच्याच नमुन्यांवरून स्वतंत्र जात म्हणून वर्णिले गेले. हा भाग मी एवढ्यावर सोडतो.

खरा वाद झाला तो कॅल्शियमच्या सरहद्दीवर. शिशाच्या जागी कॅल्शियम घातले की कोनिकॅल्साइट होते. तेही हिरवे, तेही गुच्छाकार, तेही त्याच खाणींत सापडणारे. मात्र कठिनता ४.५ आणि विशिष्ट गुरुत्व ४.३ च्या आसपास. दोघांच्या मधले, थोडे शिसे आणि थोडे कॅल्शियम असलेले नमुने सापडत गेले. १९५६ साली क्लोद गियमँ या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने तांब्याच्या आर्सेनेटांचा, फॉस्फेटांचा आणि व्हॅनेडेटांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, आणि डुफ्टाइटाचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार मानण्यात येऊ लागले. संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर बीटा-डुफ्टाइट हे नाव झळकू लागले. एकाच रासायनिक घटनेची दोन रूपे निसर्गात असतात, जसे कॅल्साइट आणि ॲरॅगोनाइट; तेव्हा डुफ्टाइटाचेही तसेच असावे, असे वाटणे त्या वेळच्या साधनांनी अस्वाभाविक नव्हते. क्ष-किरणांच्या भुकटीचित्रांत दोघांच्या रेषा खरोखरच किंचित वेगळ्या येत होत्या.

परंतु १९८० साली जँबर आणि त्यांचे सहकारी यांनी या गटातील घन विद्रावांची पद्धतशीर तपासणी केली, आणि बीटा-डुफ्टाइटाची रेषा वेगळी येते ती रूप वेगळे असल्यामुळे नव्हे, तर त्यात कॅल्शियम आहे म्हणून, ही बाजू पुढे आली. १९९८ साली ऑस्ट्रेलियात खारिसून, टेलर, बेव्हन आणि प्रिंग यांनी डुफ्टाइटाची स्फटिकरचना अणूंच्या स्थानांपर्यंत निश्चित करून या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला. त्यांच्या अभ्यासातून असे दिसले की बीटा-डुफ्टाइट हे डुफ्टाइट आणि कोनिकॅल्साइट यांच्या मालिकेतील मधले द्रव्य असून, त्याच्या आत अतिसूक्ष्म प्रमाणावर लयबद्ध कमीजास्तपणा, एक प्रकारची पुनरावृत्त घडी, असते. आठ प्राणवायूंच्या वेढ्यात शिशाची त्रिज्या १.२९ आणि कॅल्शियमची १.१२ अँगस्ट्रॉम, त्रिज्यांतील फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर आयन सहज अदलाबदल करतात हा गोल्डश्मिट यांचा प्रसिद्ध नियम, आणि आपली जोडी नेमकी त्या नियमाच्या उंबरठ्यावर उभी आहे. दोन्ही आयन एका जालकात राहू शकतात, पण निश्चिंतपणे राहू शकत नाहीत, असा त्या घडीचा अर्थ मी घेतो.

मग सरहद्द कोठे? आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना १९५८ साली स्थापन झाली आणि लौकरच नव्या खनिजनामांना मान्यता देणारा तिचा आयोग कामास लागला. त्या आयोगाचा ढोबळ नियम असा, की सलग मालिकेत ज्या मूलद्रव्याचे त्या जागेवरील प्रमाण अर्ध्याहून अधिक असेल त्याच्या टोकाचे नाव द्यावे. म्हणजे शंभर जागांपैकी ५१ जागांवर शिसे असेल तर डुफ्टाइट, ४९ जागांवर असेल तर कोनिकॅल्साइट. पन्नासाव्या जागेवर स्फटिकात काही विशेष घडत नाही. ही रेषा माणसाने सोयीसाठी आखलेली आहे. असे असूनही मी तिला कमी लेखीत नाही. बीटा-डुफ्टाइट हे नाव सुंदर होते, पण त्याने एका प्रमाणभेदाला जातिभेदाचा मान दिला होता; पन्नास टक्क्यांच्या रेषेला असा भ्रम नाही. जी रेषा आपण माणसांनी ओढलेली आहोत असे उघड सांगते, ती निसर्गाच्या नावावर खपणाऱ्या रेषेपेक्षा शास्त्राच्या कामी अधिक पडते, असे माझे निश्चित मत झाले आहे.

या सरहद्दीच्या अगदी उलट स्वभावाची सरहद्द बेल्डोनाइटाशी आहे. १८६५ साली इंग्लंडच्या आर्थर हर्बर्ट चर्च यांनी कॉर्नवॉलच्या पेनबर्थी क्रॉफ्ट खाणीतील नमुन्यावरून वर्णिलेले हेही शिसे, तांबे आणि आर्सेनेट यांचेच खनिज. घटक तेच, रंग हिरवाच, पुष्कळदा एकाच दगडावर डुफ्टाइटाच्या शेजारी बसलेले. पण शिशाच्या एका अणूस तांब्याचे तीन अणू, स्फटिक एकनताक्ष, कठिनता ४.५. घोष आणि वान यांनी १९७९ साली त्याची रचना उलगडली तेव्हा ती थरांची निघाली, साखळ्यांची नव्हे. या दोघांमध्ये मधला पदार्थ मिळतच नाही. पाण्यात तांबे वाढत गेले तर डुफ्टाइट हळूहळू बेल्डोनाइट होत जात नाही. एका मर्यादेपर्यंत डुफ्टाइट टिकते, ती ओलांडली की ते मोडते आणि बेल्डोनाइट नव्याने घडते. रसायनज्ञांनी या खनिजांच्या विद्राव्यतेवरून कोणत्या पाण्यात कोणते टिकेल याची क्षेत्रे आखली आहेत, आणि त्यांचा उपयोग उलट दिशेनेही होतो. दगडावर दोन्हींपैकी कोणते बसले आहे हे पाहून, लक्षावधी वर्षांपूर्वी तेथून वाहून गेलेल्या पाण्यात तांबे किती होते याचा अदमास बांधता येतो. नुसत्या घटकांच्या यादीवर विसंबणाऱ्याला ही दोन खनिजे एकच वाटली असती, आणि तो पाण्याचा इतिहास कायमचा हरवला असता.

डुफ्टाइट त्सुमेबखेरीज फ्रान्समध्ये काप गारोन, मेक्सिकोत मापिमी, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील खाणी अशा काही स्थळी नोंदले गेले आहे, पण सर्वत्र अल्प. त्याचे व्यावहारिक महत्त्व शोधावयाचेच असेल तर ते सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांत आहे. आर्सेनिक पाण्यात उतरले म्हणजे काय होते हे वंगभूमीच्या विहिरींनी आपल्याला दाखविले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. बंगालचे आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांतून सुटते, त्याचा या खनिजाशी संबंध नाही. परंतु शिसे-तांब्याच्या खाणींच्या परिसरात आर्सेनेटाला अशा घट्ट, अल्पविद्राव्य खनिजांत अडकून पडलेले पाहिले म्हणजे ते किती काळ आणि कोणत्या आम्लतेपर्यंत अडकून राहील, हा प्रश्न केवळ संग्राहकांचा राहत नाही. मघाशी मिमेटाइटाचा जो हिशेब आपण केला त्याने उत्तराची दिशा दाखविली आहे: आम्ल शोषणारे कार्बोनेट जवळ असेपर्यंत.

शेवटी संग्रहांविषयी दोन शब्द, कारण श्रोत्यांत महाविद्यालयांच्या संग्रहांची जबाबदारी वाहणारे अनेक अध्यापक आहेत. डुफ्टाइट, कोनिकॅल्साइट, मॉट्रामाइट आणि बेल्डोनाइट यांचा निवाडा डोळ्यांनी आणि भिंगाने होत नाही. नमुना वेगळा काढता आला तर विशिष्ट गुरुत्व पुष्कळ सांगते, पण गुच्छाकार कवचात थराथराला घटना बदलत असते. बाहेरचा थर कोनिकॅल्साइटाचा आणि आतला डुफ्टाइटाचा असू शकतो, आणि सरासरी काढलेला आकडा दोघांपैकी कोणाचाच नसतो. म्हणून क्ष-किरण भुकटीचित्र आणि इलेक्ट्रॉन शलाकेने बिंदूबिंदूचे केलेले पृथक्करण, ही दोन्ही झाल्याखेरीज नाव कायम करू नये, आणि जुन्या चिठ्ठीवर बीटा-डुफ्टाइट लिहिलेले असेल तर ती चिठ्ठी काढून न टाकता तिच्या शेजारी नवी लावावी. चिठ्ठीवर खाणीच्या नावाबरोबर मजला आणि खोली असेल तर ती अक्षरे विशेष जपावीत. त्सुमेबची खाण १९९६ साली बंद पडली, पंप थांबले आणि खोलवरचे मजले पाण्याखाली गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यांतील डुफ्टाइट कोणत्या पाण्यातून, कोणत्या क्रमाने घडले याचा तपास यापुढे करावयाचा तो कपाटांतल्या त्या नमुन्यांवरून आणि त्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांवरूनच करावा लागणार आहे.